जिब्लेट्स म्हणजे आपला कलेजी-पेटाच. पण सगळं एका वेळी एकाच भांड्यात नको

प्रश्न थोडक्यात असा: अख्ख्या कोंबडीच्या किंवा टर्कीच्या रोस्टच्या पाककृतीत ‘जिब्लेट्स काढून घ्या आणि ग्रेव्हीला वापरा’ असं लिहिलेलं असतं. हे जिब्लेट्स म्हणजे नक्की काय, आपला कलेजी-पेटा तो हाच का, आणि सांगितल्याप्रमाणे सगळं उकळूनही ग्रेव्ही कडू का होते?

जिब्लेट्स म्हणजे पक्ष्याच्या पोटातून निघणारे तीन खाण्याजोगे अवयव: पेटा, हृदय आणि कलेजी. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या व्याख्येत एवढंच येतं. बंद पाकिटात यांच्यासोबत मान घातलेली असते, त्यामुळे व्यवहारात मानेलाही जिब्लेट्स म्हणतात. व्याख्येप्रमाणे मात्र ती त्यात धरत नाहीत. आतडी, फुफ्फुसं, मूत्रपिंडं यांत कुठेच येत नाहीत, म्हणून या शब्दाचं भाषांतर ‘कोथळा’ किंवा ‘आतडी’ असं केलं तर वाचणाऱ्याचा गोंधळ होईल. शब्द फक्त पक्ष्यांपुरता आहे. बोकडाच्या कलेजी-वजडीला कोणी जिब्लेट्स म्हणत नाही. उच्चार ‘ज’ने सुरू होतो, स्पेलिंग बघून ‘गिब्लेट्स’ म्हणायचा मोह होतो, तो टाळावा. मूळ जुन्या फ्रेंचमधल्या ‘जिबले’ या शब्दात आहे, अर्थ शिकारीच्या मांसाचा रस्सा. म्हणजे शब्द आधी पदार्थाचा होता, अवयवांना तो नंतर चिकटला. जुन्या ब्रिटिश स्वयंपाकात हंसाचे जिब्लेट्स म्हटले की पंखांची टोकं, पाय आणि कधी डोकंसुद्धा त्यात धरत. म्हणून जुनी पाककृती हाताशी असेल तर तिच्यातला शब्द आजच्यापेक्षा सैल आहे हे लक्षात ठेवावं.

मराठीत याला तयार जोडशब्द आहेच. चिकनच्या दुकानात कोंबडी कापून झाल्यावर ‘कलेजी-पेटा टाकू का?’ असं विचारतात तो हाच. हिंदीभाषक दुकानदार पेट्याला ‘पोटा’ म्हणतो, हृदयाला ‘दिल’. जीवशास्त्राच्या पुस्तकात पेटा म्हणजे ‘पेषणी’, दळणारा अवयव, आणि हा शब्द फार नेमका आहे. लिहिताना एकच सांभाळायचं: ‘काळीज’ हा शब्द टाळा. मटणाच्या दुकानात काळीज म्हणजे यकृत, पण ‘काळीज धडधडलं’ म्हणतो तेव्हा ते हृदय असतं. पाककृतीत दोन्ही अवयव असतात, त्यामुळे ‘काळीज’ लिहिलं की वाचणारा अडतो. ‘कलेजी’ आणि ‘हृदय’ असं वेगळं लिहिलेलं बरं. काही जण पेट्याला ‘किडनी’ म्हणतात, तेही चूक. कोंबडीची मूत्रपिंडं पाठीच्या हाडाच्या खळग्यात घट्ट बसलेली असतात. रश्श्यातल्या पाठीच्या तुकड्याला आतून चिकटलेला मऊ, तपकिरी भाग असतो ना, तीच ती.

आता खरा मुद्दा. ‘जिब्लेट्स’ हा शब्द दुकानाच्या सोयीचा आहे, चुलीच्या सोयीचा नाही. तीन अवयव एका पाकिटात येतात म्हणून त्यांना एकसारखं वागवायचं नसतं. कलेजी पाच-दहा मिनिटांत होते आणि त्यापुढे लगेच बिघडते. पेट्याला तासभर तरी लागतो. हृदय दोन्हींच्या मध्ये. बहुतेक बिघाड इथूनच सुरू होतात.

पेट्यापासून सुरुवात करू, कारण साफसफाई सगळ्यात जास्त त्याचीच. कोंबडीला दात नाहीत, त्यामुळे दाणा चावायचं काम हा अवयव करतो. कोंबडी टिपते ते बारीक खडे यात साठतात आणि जाड स्नायूंच्या दाबाने दाणा त्या खड्यांवर भरडला जातो. म्हणून पेटा म्हणजे जवळपास निव्वळ स्नायू. आतून त्याला पिवळं, खरखरीत, कातड्यासारखं अस्तर असतं. ते कितीही शिजवा, मऊ होत नाही, आणि आतली घाण त्याच्याच घड्यांत असते. म्हणून ते काढायलाच हवं. दुकानातून साफ करून आणलेला पेटासुद्धा घरी उलटून बघावा. घाईत अस्तराची एखादी पट्टी राहून जाते आणि मग घासाला वाळू लागते.

अख्खा पेटा मिळाला तर त्याच्या कडेने, जिथे भिंत पातळ आहे तिथून, उभी चीर द्या आणि तो शिंपल्यासारखा उघडा. आतला ऐवज काढून टाका आणि पेटा पाण्यात खळबळा. नंतर अस्तराची एक कड नखाने किंवा सुरीच्या टोकाने सोडवून ओढा. कोंबडी ताजी असेल तर ते सालीसारखं अखंड निघतं, शिळी असेल तर तुकड्यातुकड्यांनी. तुटत असेल तर कोरड्या कापडाने किंवा जाड्या मिठाने पकड घ्या. मग पेटा मीठ आणि हळद लावून चोळा आणि दोन पाण्यांनी धुवा. धुताना वाडग्यात पाणी घेऊन धुवा. नळाच्या जोरदार धारेखाली धुतलं की शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर उडतात आणि कच्च्या कोंबडीवरचे जंतू तिथे पोहोचतात.

बाहेरून पांढरट चंदेरी पापुद्रा दिसेल. पेटा बराच वेळ शिजवणार असाल तर तो राहू द्या, तो विरघळून रस्सा दाट करतो. पटकन परतणार किंवा भाजणार असाल तर पातळ सुरीने तो काढून टाका. तो आखडला की तुकडा वाकडा होतो आणि रबरासारखा लागतो. बॉयलर कोंबडीचा पेटा लहान आणि कोवळा असतो, कारण तिला तयार बारीक खाद्य मिळतं आणि स्नायूला फारसं काम पडत नाही. गावरान कोंबडी खडे टिपते, सगळं भरडून खाते, त्यामुळे तिचा पेटा मोठा, गडद आणि चिवट असतो. म्हणून एकाच पाककृतीत दोन्हींची वेळ सारखी ठेवता येत नाही.

कलेजीला मधला दुवा काढला की दोन पाळ्या होतात. त्यांना जोडणाऱ्या पांढऱ्या शिरा कापून टाका. महत्त्वाची आहे ती पित्ताची पिशवी: गडद हिरवी, शेंगदाण्याएवढी, कलेजीच्या खालच्या बाजूला चिकटलेली. ती काढताना पिशवीच धरून ओढू नका, फुटते. तिच्या भोवतालचा कलेजीचा थोडा भाग तिच्यासकट कापा. दोन-चार ग्रॅम वाया गेले तरी चालतील. पित्त सांडलंच तर लगेच धुवा आणि जिथे हिरवा डाग राहिला तेवढा भाग फेकून द्या. पित्ताचा कडूपणा शिजवून जात नाही. मसाल्याने, दुधाने, लिंबानेही जात नाही. आख्खं पातेलं कडू व्हायला एक हिरवा तुकडा पुरतो. ग्रेव्ही कडू होण्याचं हे पहिलं कारण. (कबुतराला पित्ताशय नसतंच, त्यामुळे तिथे ही काळजी नाही.)

कलेजीच्या रंगाला घाबरू नका. गडद तपकिरी-लालपासून फिक्या पिवळसर तपकिरीपर्यंत सगळे रंग चालतात. फिका रंग चरबीमुळे येतो. बघायचं ते हे: वर ओलसर चकाकी हवी, बोटाला चिकट तार लागता कामा नये, आंबूस वास नको. वास उग्र वाटत असेल तर कलेजी अर्धा तास दुधात किंवा पातळ ताकात ठेवा, निथळा आणि कोरडी करा. त्यात रक्ताचा अंश उतरतो आणि चव सौम्य होते. दोन-तीन तास ठेवायची गरज नाही, ती पिचपिचीत होते.

हृदयाचं काम थोडं. वरची चरबीची टोपी आणि नळ्यांची टोकं कापा, उभं अर्ध करा, आत साकळलेलं रक्त असेल तर ते धुवा. संपलं.

साधारण दोन किलोच्या जिवंत बॉयलर कोंबडीतून कलेजी अंदाजे 40 ते 50 ग्रॅम, साफ केलेला पेटा 25 ते 35 आणि हृदय 10 ग्रॅमच्या आसपास निघतं. चार माणसांना सुकं करायचं तर एका कोंबडीचा ऐवज पुरत नाही, अर्धा किलो वेगळा मागून घ्यावा लागतो. घेताना कलेजी आणि पेटा दोन पिशव्यांत मागा. एकत्र दिलं तर कलेजी दबून फुटते आणि घरी आल्यावर निवडत बसावं लागतं.

आता ग्रेव्ही. पाच-सहा किलोच्या टर्कीचं पाकीट धरून प्रमाण देतो. मानेचे तीन-चार तुकडे करा, पेट्याचे चार आणि हृदयाचे दोन. कलेजी बाजूला झाकून फ्रिजमध्ये ठेवा. जड बुडाच्या पातेल्यात एक मोठा चमचा तेल तापवून मान, पेटा आणि हृदय चांगलं तपकिरी होईपर्यंत परता, आठ-दहा मिनिटं. रंग आणि चव इथेच येते. ही पायरी गाळली तर ग्रेव्ही पांढुरकी आणि उकडलेल्या चवीची होते. एक कांदा, एक गाजर, सेलरीचा एक दांडा, दोन तमालपत्रं, आठ-दहा मिरे आणि दीड लिटर थंड पाणी घाला. मीठ घालू नका. उकळी आली की फेस काढा आणि आच इतकी कमी करा की कडेला एखाद-दुसरा बुडबुडा येत राहील. दीड ते दोन तास असंच ठेवा. खळखळून उकळलं तर चरबी आणि फेस पाण्यात फेटला जातो आणि रस्सा गढूळ होतो.

कलेजी या पातेल्यात सुरुवातीपासून घातली तर ती विरते, रस्सा राखाडी होतो आणि धातूसारखी कडसर चव उतरते. कडू ग्रेव्हीचं दुसरं कारण हे, आणि पित्तापेक्षा हेच जास्त वेळा घडतं. पाककृतीत नुसतं ‘जिब्लेट्स उकळा’ असं लिहिलेलं असतं आणि माणूस पाकीट जसंच्या तसं पातेल्यात रिकामं करतो. कलेजी शेवटच्या दहा मिनिटांत घाला, किंवा वेगळी लोण्यात परता. ग्रेव्हीत कलेजीची चव नकोच असेल तर ती सरळ वगळा. ग्रेव्हीचं काही बिघडत नाही.

रस्सा गाळा. 700 ते 800 मिलिलिटर उरला पाहिजे, जास्त असेल तर आटवा. मानेचं मांस सोडवा. पेटा आणि हृदय मटाराएवढं बारीक चिरा. चार मोठे चमचे चरबी (टर्की भाजलेल्या ट्रेमधली वरची, कमी पडली तर लोणी) आणि चार मोठे चमचे मैदा मंद आचेवर तीन-चार मिनिटं भाजा. कच्चा वास जाऊन बिस्किटासारखा वास आला पाहिजे. मग गरम रस्सा एकेक पळी घालत फेटत राहा. एकदम ओतला तर मैद्याच्या गोळ्याचं बाहेरचं कवच आधी घट्ट होतं, आत कोरडं पीठ अडकतं आणि गुठळ्या राहतात. झाल्याच तर गाळून घ्या, त्यात लाज नाही. पाच-सहा मिनिटं उकळू द्या, चिरलेलं मांस घाला. ट्रेमधला खालचा रस चाखून बघूनच घाला आणि मीठ सगळ्यात शेवटी. मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या टर्कीचा रस इतका खारट असतो की पुढे मीठ लागतच नाही. एका कोंबडीच्या जिब्लेट्सवर एवढी ग्रेव्ही होत नाही. पाणी 600 मिलिलिटर घ्या आणि पंखांची टोकं, पाठीची हाडं जोडीला टाका.

पाकिटाबद्दल, कारण परदेशात पहिल्यांदा रोस्ट करणाऱ्यांचा घोळ इथेच होतो. पाकीट कधी पोटाच्या पोकळीत असतं, कधी मानेकडच्या बाजूला कातड्याखाली. एकीकडे सापडलं नाही म्हणजे ते दिलेलंच नाही असं समजू नका, दोन्हीकडे हात घालून बघा. गोठलेल्या पक्ष्यात ते बर्फाने आतून चिकटलेलं असतं. पक्षी नीट वितळेपर्यंत ते निघत नाही. ओढून फाडू नका. विसरून तसंच भाजलं गेलं आणि पाकीट कागदी असेल, तर मांस आणि जिब्लेट्स दोन्हींचं आतलं तापमान 74 अंश सेल्सिअसला पोहोचलं आहे ना ते बघा. पोहोचलं असेल तर खायला हरकत नाही. पाकीट प्लास्टिकचं असून वितळलं असेल तर पक्षीही टाकून द्यावा लागतो.

आता आपल्याकडचं सुकं, कारण तिथेही चूक तीच होते: सगळं एकत्र कुकरला लावायचं आणि कलेजीचा भुगा करायचा. 300 ग्रॅम पेटा-हृदय आणि 200 ग्रॅम कलेजी घ्या. पेट्याचे दोन किंवा चार तुकडे करून हृदयासकट हळद, मीठ, एक चमचा आलं-लसूण वाटण आणि अर्धी वाटी पाणी घालून कुकरला लावा. बॉयलरच्या पेट्याला एक शिट्टी झाल्यावर मंद आचेवर दहा-बारा मिनिटं, गावरानला वीस-पंचवीस. नखाने दाबून तुकडा सहज तुटला पाहिजे. कढईत तीन मोठे चमचे तेलावर तीन मध्यम कांदे चांगले तांबूस होईपर्यंत परता, आलं-लसूण, दीड-दोन चमचे कांदा-लसूण मसाला, मग भाजून वाटलेलं दोन मोठे चमचे सुकं खोबरं. तेल सुटलं की पेटा त्याच्या पाण्यासकट घाला. ते पाणी फेकू नका, चव त्यातच उतरलेली असते. पाणी आटत आलं की कलेजी घाला आणि झाऱ्याने न ढवळता कढई हलवत पाच-सहा मिनिटं शिजवा. कलेजीचा तुकडा कापून बघा: आत लाल रस नको, पण तो कोरडा, भुसभुशीत, खडूसारखाही नको. आच बंद करून झाकण ठेवलं की उरलेल्या उष्णतेवर तो आणखी थोडा शिजतो, तेवढी जागा ठेवा. कलेजी नुसती तव्यावर परतत असाल तर आधी कापडाने पूर्ण कोरडी करा. तिच्या पातळ आवरणाखाली अडकलेल्या पाण्याची वाफ झाली की ती फटकन फुटते आणि गरम तेल हातावर उडतं.

पेट्याला दोनच रस्ते आहेत, फार कमी वेळ किंवा फार जास्त वेळ. जपानमध्ये यकिटोरीच्या (काडीवर भाजलेल्या कोंबडीच्या) गाड्यांवर तो पापुद्रा काढून पातळ चिरतात, काडीला लावून नुसत्या मिठावर जोरदार निखाऱ्यावर भाजतात आणि तो कुरकुरीत चावायला मिळतो. त्यांचा शब्द ‘सुनागिमो’, म्हणजे वाळूचं यकृत, आणि पेटा उघडून पाहिलेल्याला तो लगेच पटेल. दुसऱ्या टोकाला नैर्ऋत्य फ्रान्समध्ये बदकाचा पेटा बदकाच्याच चरबीत अगदी मंद आचेवर दोन-तीन तास शिजवतात, मग सुरी टेकवली तरी तुटतो. तिथल्या सॅलडवर तो कोमट घालतात. वीस मिनिटं रश्श्यात शिजवलेला पेटा मात्र या दोन्हींच्या मध्ये अडकतो आणि चघळत बसावं लागतं. अमेरिकेतल्या लुइझियानाच्या ‘डर्टी राइस’मध्ये पेटा आणि कलेजी खिम्यासारखी बारीक करून भातात परततात, भात तपकिरी, ‘मळका’ दिसतो म्हणून ते नाव. बारीक केल्यामुळे पेट्याचा चिवटपणा जाणवत नाही आणि कलेजी भाताला चिकटून राहते. इंडोनेशियात ‘आती अंपेला’ म्हणजे शब्दशः कलेजी-पेटा, आपल्यासारखाच जोडशब्द आणि तसाच झणझणीत.

साठवण आणि तब्येत. फ्रिजमध्ये जिब्लेट्स एक, फार तर दोन दिवस. फ्रीझरमध्ये तीन-चार महिने, पण कलेजी वितळल्यावर थोडी पाणचट आणि कणीदार होते. पेट्याला काही फरक पडत नाही. म्हणून कलेजी आणली त्याच दिवशी करावी आणि पेटा गोठवावा. कलेजी आतून गुलाबी ठेवायची पद्धत हॉटेलांत आहे, ती घरी करू नका. कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू कलेजीच्या पृष्ठभागावरच नाही, आतही असू शकतो, त्यामुळे नुसती वरून भाजून उपयोग नाही. आतपर्यंत 74 अंश हवेत.

कच्च्या कोंबडीच्या कलेजीत 100 ग्रॅमला साधारण 17 ग्रॅम प्रथिनं आणि 9 मिलिग्रॅम लोह असतं. पेट्यात प्रथिनं जवळपास तितकीच, चरबी दोनेक ग्रॅम, लोह कलेजीच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. म्हणजे लोहासाठी खायचं तर कलेजी, कमी चरबीची प्रथिनं हवीत तर पेटा. कलेजीत अ जीवनसत्त्व फार जास्त असतं, त्यामुळे गरोदरपणात ती टाळायला सांगतात. ब्रिटनच्या आरोग्यसेवेचा सल्ला स्पष्टपणे तोच आहे. ‘बाळंतिणीला, गरोदर बाईला कलेजी द्या, रक्त वाढतं’ असं सर्रास म्हणतात, त्यातला गरोदर बाईचा भाग डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाळू नका. युरिक ॲसिड वाढलेलं असेल किंवा गाऊटचा त्रास असेल तर कलेजी, पेटा, हृदय तिन्ही जपूनच. आणि अशा पाहुण्याच्या वाटीत ग्रेव्ही वाढण्याआधी ती जिब्लेट्सची आहे हे त्याला सांगा, कारण गाळलेल्या रश्श्यात ते डोळ्यांना दिसत नाही.